लियाकतभाईची पायरी

आमच्या आरोहीने परवा घरी एक खुर्ची मागवली. माझी ही नात घरात बसूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. म्हणजे दिवसभर घरात असते आणि तरी आमच्या वाट्याला येत नाही. खुर्ची भल्यामोठ्या खोक्यातून आली. तिला जिथे तिथे दांडे आणि जिथे तिथे चाकं. एक दांडा ओढला की पाठ मागे जाते, दुसरा ओढला की माणूस वर जातो. “आजी, बसून बघ ना,” म्हणाली. बसले. पाठीला गादी मिळाली, मानेला उशी मिळाली, कोपरं टेकायला जागा मिळाली आणि पाय मात्र जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले. खाली यायला कुठला दांडा ओढायचा ते आरोहीला सापडेना. मी तशीच लोंबकळत बसले आणि एकदम लियाकतभाईची आठवण आली. डोळ्यांत पाणीच आलं. आरोहीला वाटलं, आजीला खुर्ची फारच आवडली.

लियाकतभाई दोन वर्षांपूर्वी गेला. मी मातीला जाऊ शकले नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. तेव्हा निदान इथे चार ओळी लिहाव्यात म्हणून बसले आहे. लिहिण्याची मला सवय नाही, ओरडण्याची आहे, हे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमची कंपनी अंबडच्या एमआयडीसीत होती. घरातल्या विजेच्या पेटीत जे छोटे स्विच असतात, जास्त भार आला की खटकन पडतात, ते आम्ही जोडायचो. एका चालत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसत. एकीने स्प्रिंग बसवायची, दुसरीने तांब्याची पत्ती, तिसरीने झाकण ठेवून स्क्रू मारायचा. मी त्या लाईनची लीडर. लीडरने बसायचं नसतं, फिरायचं आणि आवाज चढवायचा असतो. ते काम मला फार छान जमायचं असं सगळ्याजणी सांगतात. आता तिथे कुठल्याशा कुरिअरवाल्याचं गोदाम झालंय. मागे एकदा रिक्षाने त्या रस्त्याने गेले तर फाटकाजवळचा गुलमोहर तेवढा ओळखीचा वाटला. बाकी सगळं पत्र्यांनी झाकलेलं होतं.

लियाकतभाई तिथे मेंटेनन्सला होता. मूळचा येवल्याचा. त्याचे अब्बा एका मालकाच्या घरी पैठणीच्या मागावर बसायचे आणि लियाकतही पोरवयात काही वर्षं तिथेच बसला. मग नाशिकला आला, वेल्डिंग शिकला, आमच्याकडे चिकटला. उंच, हडकुळा, आणि बोलणं इतकं हळू की मशीन चालू असताना त्याचे ओठ बघावे लागत. कोणी समोर आलं की तोंडाआधी तो त्या माणसाच्या खांद्यांकडे बघायचा. “ललिताताई, आज डावा खांदा चढलाय, झोप नाही झाली का?” असं विचारायचा. आमच्या घरच्या माणसाला मला खांदे आहेत हे उभ्या संसारात लक्षात आलं नव्हतं. लियाकतभाईचं म्हणणं असं, की माग ज्याच्या त्याच्या अंगाचा असतो. एकाच्या मागावर दुसऱ्याला बसवलं तर संध्याकाळपर्यंत त्याची कंबर बोलायला लागते. आणि आमच्याकडे बघावं तर सगळ्या बायकांना एकाच मापाचं लोखंडी स्टूल. त्याला ते बघवत नसे.

सगळ्यात जास्त हाल रंगूबाईचे व्हायचे. रंगूबाई हरसूलकडची, चणीने अगदी लहानखुरी, कामाला मात्र वाघ. नवरा लवकर गेला. सातपूरला खोली घेऊन मैना नावाच्या मुलीला शिकवत होती, मुलीला नर्स करायचं मनात घेतलेलं. लाईनचा पट्टा उंच आणि ही बुटकी. दिवसभर दोन्ही कोपरं पंखांसारखी वर धरून ती हवेवर चालणारा जड स्क्रूड्रायव्हर चालवायची. दुपारनंतर तिचा उजवा खांदा कानाला भिडलेला असायचा. हळूहळू तिचा दिवसाच्या स्विचांचा आकडा घसरायला लागला. त्याच सुमाराला मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, की वर्ष संपेपर्यंत ज्यांचा आकडा भरत नाही त्यांना पॅकिंगला पाठवणार. पॅकिंग म्हणजे भरलेली खोकी उचलून थप्पी लावायची. दुखऱ्या खांद्याची बाई तिथे किती टिकणार? पॅकिंगला जाणं म्हणजे रंगूबाईचं काम सुटणं होतं, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही.

ती स्वतः कोणाजवळ काही बोलली नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत लियाकतभाई नळाजवळ मला गाठून म्हणाला, रंगूबाई नागलीची भाकरी डाव्या हाताने मोडते आहे, तुम्ही बघितलंत का? मी बघितलं. उजवा हात मांडीवर पडलेला होता. चार बायकांत डाव्या हाताने जेवायची वेळ आली म्हणजे दुखणं कुठवर गेलं असेल याचा मला अंदाज आला, आणि मला साहेबांचा, कंपनीचा आणि त्या स्टुलांचा सणसणीत राग आला.

ओमसाहेब तेव्हा नुकताच लागलेला इंजिनिअर. माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून लिहिताना मी त्याला ‘तो’च म्हणणार. चांगला पोरगा. मी त्याच्या टेबलावर जाऊन जे काही बोलले ते त्याने मुकाट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ललिताताई, मलाही जिच्या तिच्या मापाची टेबलं-खुर्च्याच करायच्यात, फक्त माझ्या कागदावरचं लोखंडात उतरवणारा माणूस द्या. मी त्याला लियाकतभाईच्या शेडमध्ये घेऊन गेले. त्या दोघांची अशी काही जोडी जमली की पुढे चहासुद्धा ते एकमेकांना सोडून पीत नसत.

ते दोन-तीन महिने आठवले की अजून बरं वाटतं. पावसाळ्याचे दिवस, पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस, आणि आमची मापं घेणं चाललेलं. बसल्यावर कोपर जमिनीपासून किती उंच, गुडघा किती उंच, हात न ताणता बोटं कुठवर पोहोचतात. बायकांची मापं पुरुषाने कशी घ्यायची, म्हणून टेप माझ्या हातात. लियाकतभाई चार हात लांब, भिंतीकडे तोंड करून उभा, आणि मी ओरडून सांगितलेला आकडा ओमसाहेब लिहून घेतोय. कंबरेचं माप कशाला नको यावरून बायकांनी त्या पोराची इतकी चेष्टा केली की तो लाल झाला. एक दिवस त्याने मला रांगोळी आणायला सांगितली. प्रत्येकीने बोटं रांगोळीत बुडवायची, कोपरं अंगाशी धरायची आणि टेबलावरून दोन्ही हात फिरवायचे. प्रत्येकीच्या टेबलावर तिच्या तिच्या हाताची अर्धी चंद्रकोर उमटली. स्प्रिंगांचे आणि पत्त्यांचे ट्रे त्या कोरीच्या आत ठेवायचे, म्हणजे वाकायला नको, वळायला नको. रंगूबाईची कोर सगळ्यात लहान आली. लियाकतभाईने ती पुसू दिली नाही, खडूने गिरवून घेतली आणि त्यावरून पत्रा कापला.

अडचण पट्ट्याची होती. पट्टा काही खाली येणार नव्हता. तेव्हा टेबल पट्ट्याच्या उंचीचं, खुर्ची टेबलाला शोभेल इतकी उंच, आणि मग पाय? पाय अधांतरी राहिले की सगळा भार पाठीवर येतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. लियाकतभाईने प्रत्येक टेबलाच्या पुढच्या पायांना एक आडवा पाइप जोडला, जिची तिची उंची बघून. वेल्डिंग असं की जोड कुठे आहे ते बोटाला लागू नये. वर हिरवा रंग. हा पायाखालचा पाइप म्हणजे त्याचा जीव की प्राण. येणाऱ्याजाणाऱ्याला तो टेबलाचा वरचा भाग दाखवायचाच नाही, खाली वाकायला लावून पाइप दाखवायचा. रंगूबाईला त्याने शेडमध्ये पहिल्या टेबलावर बसवून बघितलं. तिने चपला काढून पाय पाइपवर टेकवले, आणि तिचा तो कानाला लागलेला खांदा आमच्या डोळ्यांदेखत खाली आला. ती तशीच पाय टेकून बसून राहिली. लियाकतभाई म्हणाला, हे टेबल आहे तोवर तुम्हाला कोणी पॅकिंगला नेत नाही. त्याने शब्दच देऊन टाकला.

सगळी टेबलं लाईनवर लागली ती बरोबर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मग काय, पूजा तर होणारच. मखमलाबादहून भिमाजी माळी झेंडूच्या माळांचे हारे घेऊन आला. बायका नव्या साड्या नेसून आल्या, कोणी टेबलासमोर रांगोळी काढली, कोणी स्क्रूड्रायव्हरला गोंडा बांधला. लियाकतभाई पांढराशुभ्र सदरा घालून आला होता, जणू त्याच्याच घरी लग्न. येवल्याच्या मालकाकडे दसऱ्याला मागाची पूजा व्हायची. पायाने दाबायच्या लाकडी पट्ट्यांना मालकीण हळदकुंकू वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी विणकर त्याच पट्ट्यांवर पाय देऊन कामाला लागायचे. ते त्याच्या डोळ्यांसमोर असणार. नारळ फोडायच्या आधी तो रंगूबाईला म्हणाला, पहिलं हळदकुंकू पाइपला लावा, सगळ्यात मोठं काम त्याचं आहे. रंगूबाई खाली वाकली आणि पाइपला हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. तिचं बघून सगळ्यांनी ओढली. मी पण दोन-चार टेबलांना ओढली. पेढे वाटले गेले. लियाकतभाईच्या तोंडावरचा आनंद बघून मला वाटलं होतं की आता सगळं मार्गी लागलं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं, आणि कशाचं काय. आकडे वर जायच्या ऐवजी खाली आले. बायका दुपारीच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायला लागल्या. पूर्वी खांदे दुखत, आता पाठी आणि पोटऱ्या. रंगूबाईची तर पावलं सुजायला लागली. ओमसाहेबाने खुर्च्यांची उंची थोडी कमी केली, मग थोडी वाढवली. लियाकतभाईने बैठकीत जाड स्पंज घातला. विचारायला जावं तर बायका म्हणायच्या, नाही हो, चांगलं आहे, सवय नाही ना, होईल. मी फिरती बाई, मी काही त्या खुर्चीवर बसत नव्हते, मलाही उमगेना. मोठे साहेब एकदा येऊन हाताची घडी घालून बघून गेले. जाताना म्हणाले, पॅकिंगला दोन जागा रिकाम्या आहेत. ते कोणाकडे बघून म्हणाले ते सगळ्यांनी पाहिलं.

मग एक दिवस लियाकतभाई बोल्ट आवळायला रंगूबाईच्या टेबलाखाली उताणा शिरला. बराच वेळ बाहेर येईना. मी वाकून बघितलं तर पाना हातात तसाच आणि नजर पाइपवर. हळदकुंकवाची पाच बोटं, रंगूबाईने ओढली तशीच्या तशी, जरासुद्धा पुसलेली नव्हती. पाय लागला असता तर दोन दिवसांत निघून गेली असती. तो तिथून सरपटत पुढच्या टेबलाखाली गेला, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. क्षणभर त्याच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मी बोलून दाखवत नाही, त्यानेही कधी दाखवलं नाही. त्याने पाना खाली ठेवला आणि रंगूबाईला विचारलं, की माझ्या कामात काही खोट आहे का?

रंगूबाईने मान खाली घातली. “कामात खोट नाय भाऊ,” ती म्हणाली. “पर पाय कसा लावू? कुकू तर तुमीच लावाया सांगितलं.”

लाईनवरच्या सगळ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. पट्टा रिकामाच पुढे चालला होता. पूजेच्या वस्तूला पाय लावायचा नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. लागला चुकून तर हात लावून कपाळाला लावतो. बायकांनी ठरवून असं काही केलं नव्हतं. एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं. जिची तिची पावलं आपोआप मागे राहिली होती. आणि लियाकतभाईला सांगणार कोण? त्याने इतक्या हौसेने झेंडू बांधलेला. त्याचं मन दुखवण्यापेक्षा आपले पाय दुखलेले बरे, असा सगळ्यांचा हिशोब.

मला राग अनावर झाला. मी लाईन थांबवून बायकांना झापलं. येवल्याचे विणकर पाय ठेवतातच ना, त्यांची पैठणी काय वाटेत अडून बसते? नोकरी जायची वेळ आली आणि तुमचं हे काय चाललंय? देवाला तुमचे लोंबकळणारे पाय दिसत नाहीत असं वाटतं का? एकीचाही पाय हलला नाही. तेव्हा मी म्हटलं, थांबा, मीच दाखवते. खुर्चीवर चढून बसले. उजवा पाय उचलला. आता खोटं कशाला सांगू, तो पाय त्या पाइपपाशी जाऊन अधांतरी अडकला. कोणी धरून ठेवावा तसा. मी, जी साहेबाला भीत नाही आणि सासूलाही भ्यायले नाही, ती एक पाय हवेत धरून बसलेली बघून एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, मग मलाही. हसून झाल्यावर मात्र परिस्थिती होती तिथेच होती.

ओमसाहेब म्हणाला, रंग काढून नवा देऊ. रंगूबाई हळूच म्हणाली, रंग खरवडला म्हणून पूजा खरवडते का? लियाकतभाई त्या दिवशी चहालाही आला नाही. माझ्या मनात सारखं येत होतं, की याने शब्द दिलाय आणि आता रंगूबाई याच्याच टेबलावरून उठून पॅकिंगला जाणार. तेवढं झालं तर हा माणूस पुन्हा कोणासाठी टेबल करणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ओमसाहेबाला शेडमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की पाइप कापायचे. जमिनीवर वेगळी लाकडी पायरी ठेवायची, टेबलाला न चिकटलेली. जिची तिची उंची धरून, पुढे जरा उतार देऊन. पायरी जमिनीची, टेबलाची नव्हे. ओमसाहेबाला पटलं, त्याने लगेच उताराचं चित्र काढून दिलं. रंगूबाईला विचारलं तर ती म्हणाली, करा, पण पाइप भंगारात टाकू नका. ते वर लावा, डोक्याच्या वर. म्हणजे कोणाचा पाय लागायचा प्रश्नच नाही. ओमसाहेब तिच्याकडे बघतच राहिला, कारण जड स्क्रूड्रायव्हर वरून स्प्रिंगला टांगायला त्याला कित्येक दिवसांपासून एक आडवा दांडा हवाच होता आणि साहेब मंजुरी देत नव्हते.

सुट्टीच्या दिवशी लियाकतभाईने ते पाइप कापले. मी मुद्दाम गेले होते, घरून पोहे घेऊन. स्वतःच्या हाताने केलेलं, जोड न दिसणारं काम तो ग्राइंडरने कापत होता आणि ठिणग्या उडत होत्या. एकेक पाइप कापला की फडक्यावर ठेवायचा, जमिनीवर नाही. मी विचारलं, वाईट वाटतंय का? तो म्हणाला, वाटतंय ताई, पण माझ्या पाइपापेक्षा त्यांची पाठ मोठी आहे. मग त्याने पाइप वर चढवले, स्प्रिंग लावली, स्क्रूड्रायव्हर टांगले. पुढच्या आठवड्यात मशीनच्या खोक्यांच्या चांगल्या फळ्या निवडून पायऱ्या केल्या. कडा गोल घासल्या, पॉलिश केलं. मला वाटलं, आता या पायऱ्यांना कोणी कुंकू लावू नये म्हणून मीच पहारा करावा.

पायऱ्या लागल्या त्या सकाळी आम्ही सगळे आपापली कामं सोडून तिथे घुटमळत होतो. ओमसाहेब उगाच कागद चाळत होता. लियाकतभाई खांबाला टेकून उभा होता. रंगूबाई आली, खुर्चीवर चढून बसली, खाली बघितलं. मग वाकली, पायरीला उजव्या हाताची बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. झालं, म्हटलं, ही पायरी पण गेली देवात. लियाकतभाईने डोळेच मिटून घेतले. आणि रंगूबाईने दोन्ही पावलं उचलून त्या पायरीवर ठेवली, चांगली ऐसपैस पसरून.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं, नमस्कार केलास ना आत्ता तिला? मग?

“पायरीच्या पाया पडायचं आन् मग तिच्यावर पाय द्यायचा,” ती म्हणाली. “देवळात जाताना तुमी काय करता ताई? उडी मारता का?”

सगळ्या बायका खाली वाकल्या. एकेक करून बोटं पायरीला, मग कपाळाला, आणि मग पाय पायरीवर. पट्टा सुरू झाला. लियाकतभाई कंप्रेसरच्या मागे निघून गेला, त्याला रडू आवरत नव्हतं. मी त्याच्यामागे गेले नाही. पुरुष माणसाला कधीतरी रडू द्यावं.

पाय टेकले, वरून टांगलेल्या स्क्रूड्रायव्हरचं वजन गेलं, आणि रंगूबाईचा खांदा जागेवर यायला लागला. वर्ष संपायच्या आधी तिचा आकडा भरला. मोठ्या साहेबांनी पुन्हा येऊन हाताची घडी घातली, यावेळी काही न बोलता गेले. पॅकिंगची गोष्ट तिथेच संपली. रंगूबाई केस पिकेपर्यंत त्या टेबलावर बसली. मैना नर्स झाली. पुढे माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तीच मला हाताला धरून चालवायची.

पायऱ्या लाईनवर लागल्या त्या संध्याकाळी शेडमध्ये गेले तर एक पायरी कोपऱ्यात उरलेली दिसली. सगळ्यात गुळगुळीत, सगळ्यात जास्त पॉलिश केलेली. ही कोणाची म्हणून विचारलं तर लियाकतभाई जरा ओशाळला. म्हणाला, अम्मीची. अम्मी येवल्याला त्याच्या थोरल्या भावाकडे असायची. जन्मभर तिने चरख्यावर रेशमाच्या कांड्या भरल्या, उकिडवं बसून, आणि अजूनही भरत होती. “अब्बांच्या अंगाचा माग होता, ताई,” तो म्हणाला. “अम्मीला नुसती जमीन. सगळ्यांच्या पाठी बघितल्या मी, तिची बघायला एवढी वर्षं लागली.” तिच्यासाठी त्याने एक बुटकी खुर्ची आणि ती पायरी केली होती. सुट्टीच्या दिवशी दोन्ही एसटीच्या टपावर टाकून घेऊन गेला.

परत आल्यावर मी पहिल्यांदा तेच विचारलं, अम्मी बसली का? तो हसायला लागला, पण डोळे भरलेले. खुर्चीवर बसली म्हणाला. पायरी मात्र तिने धुतली, पुसली, दुपट्ट्यात गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. म्हणाली, बेट्याच्या हातची चीज, तिच्यावर पाय कसा देऊ?

मी कपाळावर हात मारला. लियाकतभाई उठला, भंगाराच्या ढिगातून फुटकी फळकुटं निवडली आणि ठोकायला बसला. ज्याने आयुष्यात एक जोड तिरका दिला नव्हता, तो माणूस मुद्दाम वाकडे खिळे ठोकत होता. एक बाजू वर, एक खाली. कुसं तेवढी घासून काढली, पायाला लागू नयेत म्हणून. पॉलिश नाही, काही नाही. मी म्हटलं, अहो, हे काय ध्यान! तो म्हणाला, असंच पाहिजे.

ती घेऊन पुन्हा येवल्याला गेला. अम्मीला सांगितलं, कंपनीच्या भंगारात पडली होती, घेऊन आलो. म्हातारीने त्या ध्यानावर बिनघोर पाय ठेवले, आणि शेवटपर्यंत ठेवले. तिची विचारपूस केली की लियाकतभाईचा चेहरा खुलायचा.

“बरी आहे,” तो म्हणायचा. “रोज पायरीवर पाय ठेवते आणि करणाऱ्याला शिव्या घालते. म्हणते, कुठल्या गाढवाने केलीय कोण जाणे. मी म्हणतो, असेल कोणीतरी.”